बिनकामाचा घाम

उमरबोडीच्या तलावाचा चौकीदार मुखरू याला किळस येणाऱ्या गोष्टी आयुष्यात मोजक्याच होत्या. तुटलेली पालीची शेपटी वळवळते ती एक. शिळ्या भातावर बसलेली हिरवी माशी ही दुसरी. अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात त्यांत आणखी एका गोष्टीची भर पडली आणि तिनं पहिल्या दोघींना कुठल्या कुठे मागे टाकलं. ती म्हणजे घारपुरे साहेबांचं तलावाभोवती सायकलीवरून फिरणं.

सायकलीबद्दल त्याची तक्रार नव्हती. मूल गावच्या बाजारातून पोतं लादून येणारी सायकल त्यानं पाहिली होती, टपालवाल्याची पाहिली होती, बायको पुढच्या दांडीवर आणि सासू मागे अशी भरलेलीही पाहिली होती. त्या सायकलीवरचा माणूस कुठून तरी निघायचा आणि कुठं तरी पोचायचा. साहेब मात्र बंगल्यापासून निघत आणि पारीवरून पलीकडे जात. पार म्हणजे तलावाचा बांध. झाडीपट्टीत त्याला पारच म्हणतात. पारीच्या दुसऱ्या टोकाला सांडवा होता, तिथून ते जंगलातल्या वाटेला लागत आणि तलावाला वळसा घालून पुन्हा बंगल्यापाशीच येत. तीन मैल. कॅरिअरवर काही नाही, हँडलला काही नाही. आल्यावर घड्याळ बघत, जणू कुणी खोळंबलं होतं. आणि पुन्हा निघत.

"कुठी गेल्ते सायेब?" मुखरूच्या बायकोनं, रंभेनं, पहिल्याच दिवशी विचारलं.

"इथीच."

"इथीच तं होते."

"हाव. मंग आले ना इथी."

रंभेनं यावर पुष्कळ विचार केला आणि चुलीत फुंकर घातली.

साहेब पाटबंधारे खात्याचे, पुण्याकडचे. राज्य बदललं, चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबईकडे गेला, तेव्हा जी माणसं बदलून इकडे आली त्यांत ते आले. पोट थोडं पुढे होतं. ते मागे न्यायचं, असं त्यांनी आणि मूलच्या सरकारी डॉक्टरांनी मिळून ठरवलं होतं. डॉक्टरही सायकल घेऊन येत. त्यांचं पोट साहेबांच्या पुढे होतं. दोघं अर्ध्या चड्डीत. साहेबांच्या पिंढऱ्या सोललेल्या उसासारख्या पांढऱ्या, आणि डॉक्टरांच्या पिंढऱ्यांवर इतके केस की त्यांत लिखा असाव्यात अशी मुखरूला शंका होती. बाया पाण्याला जाताना तोंडावर पदर घेत. मुखरूला पदर नव्हता. त्याला सलाम करावा लागे आणि सलाम करताना डोळे मिटता येत नाहीत.

सगळ्यांत वाईट तो घाम. मुखरूनं घाम जन्मभर पाहिला होता. रोवणीचा, लाकूडतोडीचा, माती वाहण्याचा. त्या घामाला मीठ असतं. साहेबांचा घाम बिनकामाचा. बंगल्याच्या पायरीवर बसून ते तो टॉवेलनं पुसत आणि टॉवेल मुखरूच्या हातात देत. तो वाळत घालताना मुखरू मान एवढी वळवी की एकदा तिला लचक भरली.

"तुला सांगतो मुखरू," साहेब म्हणत, "पुण्यात हे सुख नाही. तिथं टांगे, लॉऱ्या, माणसं. इथं बघ. कुणी नाही."

कुणी नाही हे खरं होतं, कारण साहेबांनी तशी पाटी लावली होती. 'सायंकाळी साडेपाच ते सात रहदारी बंद.' पाटी वाचता येणारी माणसं गावात चार, आणि त्यांतली दोन साडेपाचला घरीच असत. म्हणून सांडव्याच्या टोकाला, गावाकडे येणारा रस्ता जिथं पारीवर चढतो तिथं, एक आडवा बांबू बसवला आणि बांबूपाशी मुखरूला. पूर्वी मुखरू त्या वेळी पार पायांनी तपासायचा. उंदरांची बिळं, खेकड्यांची भोकं, कुठं ओल धरली का ते बघायचा. आता तो बांबू धरायचा. खेकड्यांना भोकं पाडायला दीड तास मोकळा मिळाला.

गाव त्याच्यावर उलटलं. पारीच्या खाली बारमाही पाझर, त्यामुळे दलदल. तिच्यात बैलबंडीचं चाक आसापर्यंत रुतायचं. तलावाभोवतीची वाट सायकलीपुरतीच रुंद, आणि तीही बंद. बंड्यांना दुसरी वाट जंगलातून, आठ मैलांची. ढोरांना मात्र दलदलीतून येता यायचं. तेव्हा संध्याकाळी गावाची गाईगुरं पोटापर्यंत चिखलात उतरून घरी येत आणि बाया त्यांची आचळं धुताना मुखरूच्या नावानं काय काय म्हणत ते इथं लिहिण्याजोगं नाही.

"तू काऊन धरतं तो बांबू?" म्हातारा देवाजी, गावाचा गुराखी, रोज विचारी.

"नोकरी हाय."

"नोकरी पार सांभाळाची का सायेबाचं पोट सांभाळाची?"

मुखरू पाण्याच्या दिशेनं थुंके. तेही साहेब दिसत नसताना.

अशात त्याच्या मुलीचं, सुकरीचं, लग्न जुळलं. मुलगा टेकाडीचा, नाव मंगरू, मूलच्या धानगिरणीत कामाला. बाप सोमाजी, मोठ्या आवाजाचा, मोठ्या मिशांचा, आणि जे डोळ्यांना दिसतं त्याचा अर्थ लगेच लावून मोकळा होणारा. मुहूर्त निघाला गोरज. वैशाखातली पंचमी.

गोरज म्हटल्यावर मुखरूला आधी बांबू आठवला. टेकाडी सांडव्याच्या बाजूला. वरात यायची ती पारीवरूनच, आणि गोरजेची वेळ म्हणजे साहेबांच्या दुसऱ्या फेरीची वेळ. जंगलातून आठ मैलांचा वळसा घालावा तर मधे मसणवाट लागते आणि नवरदेवाची बंडी त्या रस्त्यानं कुणी आणत नाही. एकदा निघालेली ती बंडी मागेही फिरवत नाहीत. मुहूर्त टळला तर पुढचा मार्गशीर्षात, आणि सोमाजी तोवर थांबणारा माणूस नव्हता. त्याच्याकडे ब्रह्मपुरीकडची आणखी एक सोयरीक येऊन बसली होती, हे त्यानं दोनदा सहज सांगून ठेवलं होतं.

मुखरूनं आधी महाराजांना विचारून पाहिलं. हे गावचे जुने पुरोहित. डोळे अधू झालेले, घड्याळ कधीच नव्हतं. गाई गावात शिरल्या, त्यांची धूळ नाकात गेली, की ते मंगलाष्टकं सुरू करत. चाळीस वर्षं असंच चाललं होतं आणि त्या लग्नांतली बहुतेक टिकली होती.

"सातानंतरचा धरा जी मुहूर्त," मुखरू म्हणाला.

"गोरज गायीची असते बापा. सरकारची नसते," महाराज म्हणाले आणि तंबाखू मळू लागले.

मग तो साहेबांकडे गेला. साहेब सायकलीची साखळी पुसत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते नेहमीच शांतपणे ऐकून घेत. नकार द्यायचा असला की आणखी शांतपणे.

"एकच दिवस जी. अर्धाच घंटा."

"मुखरू, आज तुझ्या मुलीची वरात. उद्या कुणाची म्हैस व्यायली म्हणून तिची वरात. नियम कशासाठी असतो?"

"पोटासाठी जी," मुखरू म्हणाला. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं.

साहेबांनी वर पाहिलं, मग खाली साखळीकडे पाहिलं. "वरात साडेपाचच्या आत आणा. कोण नको म्हणतंय? जगात सगळं वेळेवर होऊ शकतं. आमच्याकडे होतं."

"आणि मी जी? बाप हाय मी नवरीचा. रजा..."

"बदली माणूस दे."

बदली माणूस म्हणून गावातलं कुणी त्या बांबूला हात लावायला तयार नव्हतं. देवाजी तर म्हणाला, "मी धरीन. पण मी धरला तं तोडीन."

मुखरूनं सोमाजीला निरोपावर निरोप धाडले. चार वाजता निघा. साडेपाचच्या आत पार ओलांडा. काहीही करा पण साडेपाच. सोमाजीनं प्रत्येक वेळी उलट निरोप पाठवला की व्याह्यानं काळजी करू नये, वरात तीनलाच निघेल.

तीनला निघणारी वरात जगात कुठंच निघत नाही. पंचमीला साडेपाच वाजले तेव्हा रस्त्यावर धूळसुद्धा नव्हती. गावाकडच्या टोकाला मांडव उभा होता, जांभळीच्या डहाळ्यांचा. सनई वाजत होती. नवरीचा बाप नवं धोतर नेसून, कपाळाला हळद लावून, तीन फर्लांगांवर बांबू धरून उभा होता. साहेब आणि डॉक्टर पहिल्या फेरीत त्याच्या समोरून गेले. त्यानं बांबू उचलला, सलाम केला, बांबू टाकला.

"अजून आले नाहीत?" साहेब जाता जाता म्हणाले. "बघ. म्हटलं नव्हतं?"

सहा वाजून गेल्यावर आठ बंड्या आल्या. पुढची नवरदेवाची, बैलांच्या शिंगांना गोंडे. बाजा वाजत होता. मंगरू बाशिंग बांधून, हातात कट्यार धरून, कट्यारीच्या टोकाला लिंबू खोचून बसला होता आणि तोंड सुजवून होता. नवरदेवानं रुसायचं असतं. त्याच्या मनातली वस्तू मिळाली की रुसवा जातो. ती कोणती हे तो सांगत नाही आणि ओळखायचं बाकीच्यांनी असतं. मंगरू टेकाडीपासून रुसलेला होता.

पुढच्या बंडीतून सोमाजी उतरला. रस्त्यात आडवा बांबू, बांबूपाशी हळद लावलेला नवरीचा बाप. सोमाजीला अर्थ लावायला क्षणही लागला नाही. नवरदेवाची वाट अडवायची, मान घ्यायचा, मग वाट सोडायची, ही चाल त्यालाही ठाऊक होती.

"वा व्याही," तो म्हणाला. "घरचे पोट्टे अडवते लोकांइकडे. तुमी सोताच आले."

त्यानं मुखरूच्या हातात नारळ दिला. मुखरूनं घेतला, कारण न घेणं हा अपमान. बांबू मात्र हलला नाही.

"उचला ना आता."

मुखरूच्या जिभेवर खरं आलं होतं. पण आठ बंड्यांतल्या बाया मान बाहेर काढून बघत होत्या. साहेबाला रिकामं फिरायला मिळावं म्हणून मी माझ्याच लेकीचा नवरदेव अडवून उभा आहे, हे वाक्य कोणत्या बापाच्या तोंडून निघेल? त्यानं बांबू आणखी घट्ट धरला.

"कमी पडलं वाटते," सोमाजी मागे वळून म्हणाला. दुसरा नारळ आला. मग सुपारी. मग पानाचा विडा. मुखरूच्या दोन्ही काखांत नारळ, कानावर विडा, डोळे सूर्याकडे. सूर्य जंगलाच्या शेंड्यांपासून हातभर राहिला होता. सोमाजीनं स्वतःच्या डोक्यावरचा नवा फेटा काढून व्याह्याच्या डोक्यावर ठेवला.

"मोठा घट्ट माणूस हाय बावा," वऱ्हाडातला एक जण म्हणाला. "बैल घेतला असता एवढ्यात."

नवरदेवाच्या मावशीनं, सुगंधाबाईनं, बंडीतूनच विचारलं, "काय पायजे म्हणा एकदा. नवरी द्याची हाय का नाई?"

मागून देवाजी गुरं घेऊन आला. साठ-सत्तर जनावरं बंड्यांच्या मागे येऊन थांबली. देवाजीनं बांबू पाहिला, फेटा पाहिला, नारळ पाहिले, आणि ढोरांकडे तोंड फिरवलं. त्याचं ते तोंड फिरवणं मुखरूला रोजच्या प्रश्नापेक्षा जास्त लागलं.

आणि पारीवरून घंटी वाजली. साहेबांची दुसरी फेरी.

मुखरूनं सवयीनं बांबू उचलला. साहेब बाहेर आले, डॉक्टर मागून आले, आणि जंगलवाटेच्या तोंडाशी बैल, बंड्या, बाजा आणि साठ ढोरं बघून दोघं उतरले. मुखरूनं सवयीनंच बांबू टाकला.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

सोमाजीनं साहेबांना आपादमस्तक पाहिलं. मुखरूच्या नोकरीतले साहेब असणार. नवरदेवाच्या स्वागताला स्वतः आले. सायकलीवर आले. चड्डी घालून आले, म्हणजे घाईनं आले. म्हणून व्याही बांबू उचलत नव्हता. साहेबांची वाट बघत होता.

"सायेब," तो भरल्या आवाजात म्हणाला, "एवढा मान आमच्या सात पिढ्यांत कोणाले भेटला नाई."

आणि त्यानं साहेबांना मिठी मारली. सोमाजीची मिठी साधी नसे. तो माणूस जमिनीवरून उचलून घेई. सायकल साहेबांच्या हातून सुटली, ती एका वऱ्हाड्यानं अदबीनं धरली. साहेब खाली येताच त्यांच्या गालांना, कपाळाला, टकलाला गुलाल लागला. डॉक्टरांना दुसऱ्या चौघांनी घेतलं. साहेब काही तरी म्हणायला तोंड उघडतात तोच सोमाजीनं त्यात विडा सारला. चांगला मोठा, चुन्याचा, काथाचा. पान तोंडात असताना ज्याला बोलायची सवय नाही त्यानं बोलू नये, लाळ गळते. साहेबांना सवय नव्हती. थुंकावं तर समोर त्यांनीच झाडून घेतलेली वाट.

मुखरू बघत होता. घामावर गुलाल बसून साहेबांच्या तोंडाचा चिखल झाला होता आणि ओठांच्या कोपऱ्यातून लाल ओघळ निघाला होता. बरं वाटायला हवं होतं. पण त्याची मान आपोआप वळली.

याच वेळी मंगरूनं सायकल पाहिली. हिरवी, दिव्याची, घंटीची. त्याच्या तोंडाची सूज एकदम उतरली.

"बाबा," तो म्हणाला, "आणली का त्याहीनं?"

सोमाजीनं सायकलीकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि हाही अर्थ लावून टाकला. "मंग काय तं. रुसवा काढाले आणली. उतर."

"अं... अं..." साहेब म्हणाले.

"हाव जी, हाव. एक चक्कर मारून येते पोट्टा. मूलले भाड्याच्या सायकलीवर शिकला. हात सफा हाय त्याचा."

मंगरू बाशिंग सावरत, कट्यार हँडलला आडवी धरून, जंगलवाटेला लागला सुद्धा. लिंबू टोकावर हलत होतं. साहेबांनी डॉक्टरांकडे हात करून जंगलाकडे बोट दाखवलं. डॉक्टर गुलालातून बाहेर पडून आपल्या सायकलीवर बसले आणि मागे निघाले.

मुखरूच्या ध्यानात आलं ते दोघं वळणाआड गेल्यावर. ही चक्कर तीन मैलांची. त्या वाटेला मधे फाटा नाही. नवरदेव मांडवावरून जाईल आणि पारीवरून इथंच परत येईल. सूर्य शेंड्यांना टेकला होता.

मांडवात काय झालं ते त्याला नंतर कळलं. नवरदेव एकटा, सायकलीवर, कट्यारीसकट जंगलातून आला. बायांनी ओवाळायला आरत्या उचलल्या. तो हसला, घंटी वाजवली आणि पुढे गेला. पाठोपाठ सरकारी डॉक्टर धापा टाकत गेले. नवरदेवाच्या मागे डॉक्टर, याचा अर्थ गावात एकच लागला. सुकरीनं मुंडावळ्यांतून विचारलं, "जिता हाय ना?" आणि सनईवाल्यानं सनई खाली ठेवली.

सनई थांबलेली मुखरूला इकडे ऐकू आली. याच क्षणी देवाजीनं ढोरांना हाक दिली आणि काठी उचलली. रोजची वेळ झाली होती. दलदलीतून खाली, मग गावची सुकी गल्ली, मग धूळ, मग महाराजांचं नाक.

मुखरू बांबू सोडून धावला. नोकरीत पहिल्यांदाच.

"देवाजी, ढोरं थांबव."

"काऊन?"

"गोरज धरून ठेव. नवरदेव फिराले गेला."

देवाजीनं त्याच्याकडे बघितलं. मग काठी खाली टेकवली, तिच्यावर दोन्ही हात ठेवले, आणि बसला. पुढच्या गाईनं मागे वळून पाहिलं, ती थांबली, मग सगळीच थांबली. चरून पोटं भरलेली ढोरं, वासरांच्या ओढीनं हंबरणारी, आणि जागेवर. एक भुरी म्हैस कंटाळून साहेबांकडे गेली. साहेबांच्या घामाला मीठ नसतं असं मुखरूचं मत होतं. म्हशीचं तसं दिसलं नाही. तिनं साहेबांच्या पिंढरीला जीभ लावली.

साहेबांनी पान गिळलं. डोळ्यांत पाणी आलं, पण वाचा परतली.

"मुखरू! ही जनावरं हाकल आधी!"

"कुठी हाकलू जी? पारीवर मनाई हाय."

"खालून जातात ना रोज? चिखलातून!"

"जाते जी. पण हाकलली तं भुजाडते. एखादी पारीवर चढन. तुमची सायकल पारीवरून येऊन राह्यली. मधात म्हैस आली तं?"

साहेबांनी पारीकडे पाहिलं. लांबवर, पाण्याच्या वर, एक हिरवा ठिपका येत होता.

"नवी आहे ती," ते हळूच म्हणाले.

"म्हणून तं म्हणतो जी. रस्ता मोकळा पायजे."

म्हैस चाटत राहिली. सोमाजी त्यांच्या खांद्यावर हात टाकून पोरगा लहानपणी कसा झाडावरून पडला ते सांगत होता. सूर्य गेला. शेंड्यांवर नुसता तांबडा उजेड राहिला, आणि त्या उजेडात पलीकडच्या टोकाला महाराज मांडवाबाहेर येऊन, नाक वर करून, उभे असलेले दिसत होते.

मंगरू आला. बाशिंग मानेवर गेलेलं, अंगरखा पाठीला चिकटलेला, चेहरा असा फुललेला की लग्न होऊन चार दिवस झाले असावेत. डॉक्टर कुठंच नव्हते.

"काय रस्ता हाय जी," तो बांबूच्या आतून म्हणाला. "कोणी नाई. मानूस नाई, बंडी नाई. नुसतं पानी आनि आपन. आनखी एक मारू का?"

मुखरूला आयुष्यात इतकी किळस कधी आली नव्हती. साहेबांची समजण्यासारखी होती, ते पुण्याचे. हा टेकाडीचा. उद्यापासून आपला. त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता, मांडवातल्या अक्षता पडायच्या आधीच.

"उतर," मुखरू म्हणाला.

"एकच जी मामाजी. छोटी."

"छोटी नाई तिच्यात. उतर खाली."

सोमाजीनं पोराला बखोटीला धरून बंडीत टाकलं. साहेबांनी आधी सायकल ताब्यात घेतली, मग घड्याळ पाहिलं. सातला दहा कमी होते. त्यांनी मुखरूकडे पाहिलं. मुखरूनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यानं काखेतले दोन्ही नारळ खाली ठेवले आणि बांबू मुळापासून उपसून दलदलीत टाकला.

नवरदेवाची बंडी पारीवर चढली. मागे सात बंड्या, मागे साठ ढोरं, कित्येक दिवसांनी कोरड्या खुरांनी. तिथून गल्लीपर्यंत अशी धूळ उठली की महाराजांना आधी तीन शिंका आल्या आणि मग मंगलाष्टकं. सुकरीचं लग्न गोरजेला लागलं. ज्यांच्याकडे घड्याळं होती त्यांचं मत वेगळं पडलं असतं, पण असे एकच होते आणि ते पिंढरी धूत होते.

पंगतीला गॅसबत्त्या लागल्या. सोमाजीनं साहेबांना जाऊ दिलं नव्हतंच. जावयाच्या शेजारी पाट मांडून बसवलं होतं. डॉक्टर बंगल्याच्या पायरीवर सापडले आणि त्यांनाही आणून बसवलं. मुखरू वरणाची बादली घेऊन वाढत वाढत तिथवर आला. त्याला वाटलं होतं, आता बांबूचं निघेल. उद्या नोकरी नसेल. हरकत नाही, मुलगी उजवली.

पण साहेब त्याच्याकडे बघतच नव्हते. ते मंगरूशी बोलत होते.

"वळणावर काय करतोस? पाय थांबवतोस की चालू ठेवतोस?"

"चालू जी. थांबवला तं मजा जाते."

"डॉक्टर, ऐकलंत? दीड वर्षात पहिला माणूस भेटला." गुलालाखालचा साहेबांचा चेहरा मुखरूनं कधी न पाहिलेला होता. "सासुरवाडीला येत जा दर रविवारी. माझी जुनी सायकल आहे, ती देतो. अर्धी चड्डीही देतो. धोतरात साखळी अडकते." मग त्यांना बादली दिसली. "मुखरू, तो बांबू गेला म्हणे. नवा आणव उद्या. जरा लांब आण, आता आपण तिघं आहोत."

मुखरूनं त्यांच्या भातावर वरण वाढलं. जावयाच्या भातावर वाढलं. बादली घेऊन तो मांडवामागे गेला आणि तिथं उभा राहिला.

पंगतीतलं ऐकत ऐकत रंभा वड्यांची टोपली घेऊन आली. "जावई वाईट नाई," ती म्हणाली. "हसते चांगला."

"वाईट असता तं दोन गोष्टी सांगता आल्या असत्या."

"मंग आणतं का नवा बांबू?"

"नाई आणत."

"आनि सायेबानं काढून टाकलं तं?"

"टाको. जावयाले धरू दे बांबू. रविवारी तं तो इथीच असन." त्यानं बादली खाली ठेवली आणि अंधारात, कुणी बघतंय का याची पर्वा न करता, पचकन थुंकला. "फेटा घे हा. डोकं आंबलं माझं."

पंगतीतून साहेबांचा आवाज आला. वरण आणखी हवं होतं.